संकर कापूस, दुसरा हंगाम: ठिपक्याने पकडलेली चोरी

कापसाच्या दोन जातींचा मी हाताने संकर करतोय. गेल्या हंगामाच्या नोंदीत मी छाती फुगवून लिहिलं होतं, की पराग लावलेल्या ४० पैकी १७ फुलांना बोंडं धरली. तो आकडा आता गिळायची वेळ आली आहे.

मादी वाण हिर्सुटम, म्हणजे अमेरिकन कापूस: फूल पांढुरकं, ठिपका नाही. नर बार्बाडेन्स, लांब धाग्याचा: फूल पिवळं, प्रत्येक पाकळीच्या बुडाशी गडद तांबडा ठिपका. हा ठिपका प्रभावी गुण असल्याने पहिल्या पिढीत दिसायलाच हवा. त्या बोंडांच्या बियांची ३१ झाडं फुलावर आली आणि ९ झाडांची फुलं स्वच्छ, डागविरहित निघाली. म्हणजे ती आईच्याच परागांची लेकरं, संकर नव्हेतच!

कापसाचा पराग जड आणि चिकट, वाऱ्याने फारसा उडत नाही. त्यामुळे संशय आधी स्वतःच्या अंगठ्यावर. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी दुपारनंतर निवडायची, बुडाशी नख रुतवून गोल फिरवायचं, की पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी टोपीसारखी अलगद निघते. अंडाशयावरची पांढरी पातळ त्वचा ओरखडली तर पातं, म्हणजे कळीच, गळतं, म्हणून भीतीने मी नख वरच ठेवत होतो आणि खाली दोन-चार परागकोश राहून जात होते. सकाळी ते फुटले, की माझ्या नर फुलाची वाट कोण बघतो? आता नळी काढल्यावर भिंग लावून बघतो आणि कुक्षीवर लगेच कागदी नळी चढवतो.

१९७० मध्ये सी. टी. पटेल यांनी सुरतला काढलेला एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकर कापूस. त्याचंही बी असंच एकेक फूल हाताळून तयार व्हायचं. शेकड्याने कळ्या सोलणाऱ्या त्या हातांबद्दल आदर वाढलाय.

खऱ्या २२ झाडांचं म्हणाल तर धागा सुरेख. सरकीवरचे तंतू दोन्ही बाजूंना विंचरून मोजले: आईचे २७ मिमी, संकराचे ३३. पण बोंड लहान, अर्धवट भरलेल्या सरक्या बऱ्याच, आणि १०० ग्रॅम कापसातून रुई ३१ ग्रॅम; आईची ३६. झाडं मात्र माझ्या डोक्याच्या वर गेली, गळफांद्याच (थेट बोंडं न धरणाऱ्या) जास्त.

दुसऱ्या पिढीत हाती काय येईल याचा नेम नसतो, त्यामुळे तिची एकच ओळ लावणार. मुख्य भिस्त उलट संकरावर: संकराचा पराग पुन्हा आईवर. बोंडाचा आकार परत आला आणि धागा ३० च्या वर टिकला तरी मी खूश. पहिल्या १२ कळ्या काल सोलल्या. आज सकाळी पराग लावून लाल दोरे बांधले. दोन कळ्यांची त्वचा ओरखडली आहे, त्या धरत नाहीत असंच समजतो.