बॅटरी

बेस गिटारमधली नऊ व्होल्टची बॅटरी एकदम दगा देत नाही. आधी खालचे सूर फाटायला लागतात, मग आवाज पातळ होत जातो आणि शेवटी नुसती तारांची टकटक उरते. हे मला वीस-बावीस वर्षं माहीत आहे. तरी गेल्या डिसेंबरात, इंदूरच्या बायपासजवळच्या एका कॉलेजच्या मैदानावर, चौथ्या गाण्याच्या मध्यावर माझी बॅटरी गेली. चूक शंभर टक्के माझी. दुपारी साउंडचेक झाल्यावर जॅक बेसमध्ये तसाच ठेवून मी पोहे खायला गेलो. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या बेसला वेगळं बटण नसतं. जॅक आत असला की वाजवा न वाजवा, बॅटरी जळत राहते. आणि बॅटरी आधीच जुनी, कारण 'एवढा एक शो निघेल' असं मी मागच्या दोन शोंच्या वेळीही म्हटलं होतं.

समोरच्या पोरांना काही कळलं नाही. नाचणारे नाचत होते. याची मला सवय आहे. बेसवाल्याचं आयुष्य हे असंच. रामबागेतल्या माझ्या मावशीने 1999 साली माझा पहिला बेस बघून विचारलं होतं, "दोन तारा कमी आहेत म्हणून स्वस्तात दिला का रे?" तो बेस मी मुंबईहून धोबी तलावावरून आणला होता, अवंतिका एक्स्प्रेसच्या वरच्या बर्थवर रात्रभर कवटाळून. तेव्हापासून लग्नाकार्यात माझी ओळख 'तो दुसरी गिटार वाजवतो' अशीच करून देतात. गायकाबरोबर फोटो, गिटारवाल्याबरोबर फोटो, आणि फोटो काढायला मोबाइल माझ्या हातात.

तर आवाज गेला आणि मी सवयीने मागे वळून दादाकडे पाहिलं. दादा म्हणजे आमचा ड्रमर, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बँडमध्ये तीन गिटारवाले आले नि गेले, दोघं पुण्याला नोकरीला लागले, गायक एकदा रुसून वर्षभर गायब होता. पहिल्या दिवसापासून आजतागायत टिकलो ते आम्ही दोघंच. त्याचा ताल म्हणजे भिंत. मी आयुष्यभर त्या भिंतीला पाठ टेकून वाजवलं, असं मी तरी समजत होतो.

ती भिंत हलली. आधी दोन मात्रांत किक, म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, मागे पडला. मग स्नेअर, हाताखालचा छोटा ड्रम, गिटारच्या पुढे धावला. दादाने डोळे उघडले, आणि पाहिलं ते माझ्याकडे नाही, माझ्या अ‍ॅम्पकडे, बेसचा आवाज जिथून निघतो त्या पेटीकडे. तो अ‍ॅम्प दोन-तीन वर्षांपासून त्याच्याच लाकडी चौथऱ्यावर असायचा. त्याच्या डाव्या हाताला, अगदी खेटून. तोच ठेवायला लावायचा. आणि तेवढ्याच काळापासून तो डावा बूट काढून वाजवायचा. डिसेंबरच्या थंडीतसुद्धा. 'हाय-हॅटच्या झांजांचं पेडल मोज्यात बरं वाटतं' म्हणायचा. आम्ही त्यावर विनोद करून करून थकलो होतो.

मी पाहिलं, त्याचा पाय पेडलवर नव्हता. मोजा घातलेला तळवा चौथऱ्याच्या फळीवर सपाट टेकलेला होता. दारामागे कोण आहे ते बघायला आपण दाराला कान लावतो ना, तसा.

गायक जुना खेळाडू आहे. त्याने गाणं तिथेच तोडलं आणि "क्या भिया, इंदौर, ठंड लग रही क्या?" म्हणत पोरांना ओरडायला लावलं. दहाच्या ठोक्याला भोंगे बंद करावे लागतात, पोलीस गेटवर आलेच होते, आणि नऊ चाळीस झाले होते. मी गिटारवाल्याच्या इफेक्ट पेडलची, म्हणजे गिटारचा आवाज बदलणाऱ्या डबीची, खालची झडप नखाने उघडली, त्यातली बॅटरी ओढून काढली. बेसच्या पाठीवरचं झाकण उघडून ती आत बसवली. बोटं गार पडली होती, क्लिप दोनदा उलटी लागली. जेमतेम दोन मिनिटं गेली असतील. जॅक लावला आणि सगळ्यात जाड तार उघडीच छेडली. ती सेकंदाला एक्केचाळीस वेळा थरथरते. तो सूर कानाआधी पोटाला कळतो.

दादाने मान हलवली, मोजली, आणि भिंत परत जागेवर.

शो झाल्यावर आम्ही नेहमी सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत जातो. थंडीत गराडू, म्हणजे तळलेला कंद, वर लिंबू आणि मसाला. त्या रात्री बाकीचे जिलबीच्या रांगेत होते तेव्हा मी विचारलं, "दादा, झांजा ऐकू येतात का तुला?"

त्याने गराडूचा तुकडा संपवला. "राइडची टिंग गेली. हाय-हॅट तर केव्हाच गेली. तुझी वहिनी म्हणते कुकरची शिट्टीसुद्धा मला सांगावी लागते."

"मग वाजवतोस कसा?"

"तुझ्यावर," तो म्हणाला. "तू पायातून येतोस."

कान तपासणीचा रिपोर्ट त्याच्या झांजांच्या पिशवीत होता, घडी घालून. आलेख चार हजार हर्ट्झपाशी विहिरीत उतरल्यासारखा खाली गेलेला. गोंगाटाने कान जातात ते बहुतेक असेच, वरच्या सुरांपासून. त्याच्या वडिलांचंही तेच झालं होतं. ते कापड गिरणीत मागावर होते, घरात सगळे ओरडून बोलायचे. अनंत चतुर्दशीच्या झाँकीपुढे, म्हणजे मिरवणुकीतल्या चित्ररथापुढे, ताशा वाजवत दादा मोठा झाला, आणि मग आमची ती वाड्यातली मागची खोली. दहा बाय आठची, भिंतींना गाद्या बांधलेल्या. गाद्या शेजाऱ्यांसाठी होत्या. आमच्या कानांचा विचार कुणी केला नव्हता, उलट कापूस घालणाऱ्याला आम्ही 'आजोबा' म्हणायचो. नंतर मी वाचलं: 85 डेसिबल आठ तास सोसतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, 100 ला फक्त पंधरा मिनिटं. आम्ही तीन-तीन तास वाजवायचो.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. दोन-तीन वर्षं एका माणसाने मला सांगितलं नाही म्हणून. आणि त्याहून जास्त, मला कळलं नाही म्हणून. मी त्याचा ताल ऐकत होतो, तो माझा. मग गाणं नक्की धरून कोण होतं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

"त्यांना सांगू नकोस," तो रांगेकडे बघत म्हणाला. "मीच सांगीन. उन्हाळ्यापर्यंत."

उन्हाळा येऊन गेला. आता कान तपासायला मीच त्याला घेऊन जातो. प्रॅक्टिसला तो मोठी माणसं कानटोपी घालतात तसे जाड हेडफोन घालतो, बाकीच्यांना वाटतं नवीन शौक आहे. माझ्या पिशवीत सीलबंद बॅटऱ्या दोन असतात, आणि शोआधी दादा नुसतं बोटांनी चौकोन करून दाखवतो. मी अंगठा वर करतो.

मागच्या आठवड्यात साउंडचेकला गिटारवाला वैतागला. "बेस बहुत ज्यादा है यार, पूरा स्टेज हिल रहा है." मी हो म्हटलं, अ‍ॅम्पच्या नॉबवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच उभा राहिलो, आणि हात काढून घेतला.

"अब ठीक है," तो म्हणाला.