आमची वाटचाल : दापोलीतील छपरांची सतरा वर्षे

दापोली तालुक्यात शिमगा उलटला की घराघरांत छपराचा विषय निघतो. माझे वडील सुतार होते. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत त्यांना घरी बसून जेवायलाही सवड मिळत नसे, कारण पंचक्रोशीतील बहुतेक घरे कौलारू होती आणि पावसाआधी कौले परतून घेणे हे भातपेरणीइतकेच ठरलेले काम होते. पाख्यावरील, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूवरील, कौले ओळीने उतरवायची, त्यांवरील शेवाळ आणि पालापाचोळा झाडायचा, तडकलेली बाजूला काढायची, खालचे वासे आणि त्यांवरील आडव्या पट्ट्या म्हणजे रिपा पटाशीने टोचून पाहायच्या, कुजलेल्या तेवढ्या बदलायच्या आणि मग कौले पुन्हा खालच्या कडेच्या वळचणीपासून माथ्यावरील आढ्यापर्यंत बसवत न्यायची, असा तो क्रम असे. शाळेच्या सुटीत मी अंगणात उभा राहून कौले हातोहात वर देत असे. टिचकी मारल्यावर खणखणीत वाजते ते कौल चांगले आणि बद्द वाजते ते तडकलेले, हे मला तेव्हा कळले आणि आजही नव्या कौलांची गाडी आली की मी प्रत्येक थरातील काही कौले वाजवून पाहतो.

2008 साली मी आणि माझ्या धाकट्या भावाने छपरांच्या कामाचा स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. तोपर्यंत घरमालकाला छप्पर नवे करायचे झाले तर लाकडासाठी सुतार, लोखंडी सांगाड्यासाठी वेल्डिंगवाला, भिंतीच्या माथ्यासाठी गवंडी आणि कौले चढवण्यासाठी वेगळे गडी अशी चार माणसे शोधावी लागत. वेल्डिंग करणाऱ्याला कौलाचे माप ठाऊक नसे, त्यामुळे आडव्या पट्ट्यांतील अंतर चुकून कौलाचा खालचा कान पट्टीत नीट अडकत नसे. पहिल्या जोरदार सरीत पाणी आत आले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी आणि मालक मधल्या मध्ये अडकून पडे. भावाने वेल्डिंगचे काम शिकून घेतले होते, सुतारकाम माझ्या हाताला होते. तेव्हा छप्पर भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंत एकाच्याच जबाबदारीवर व्हावे, एवढ्या एका विचारावर आम्ही कर्ज काढून हत्यारे घेतली.

दुसऱ्याच वर्षी आमच्याकडून एक मोठी चूक झाली. एका निवृत्त शिक्षकांच्या घराचे छप्पर मी अंगणातून आणि माजघरातून पाहिले आणि 42 हजार रुपयांचा अंदाज दिला. मे महिन्याच्या मध्यावर कौले उतरवल्यावर दिसले की मागील भिंतीवरचा भाल, म्हणजे ज्यावर वासे टेकतात ते आडवे लाकूड, वाळवीने आतून पोकळ केला होता आणि वाशांची भिंतीत रुतलेली टोके हाताने चुरली जात होती. काम जवळजवळ दुप्पट खर्चाचे झाले. घर उघडे पडलेले, पाऊस तोंडावर आलेला, अशा स्थितीत गुरुजींना नाही म्हणायला जागाच उरली नव्हती. त्यांनी एक शब्दही न बोलता सगळे पैसे दिले, पण पुन्हा कधी आम्हाला बोलावले नाही. आम्ही त्यांना फसवले नव्हते, तरीही त्यांच्या बाजूने पाहिले तर फसवणुकीत आणि आमच्या त्या निष्काळजीपणात काही फरक नव्हता, असे मला आजही वाटते.

तेव्हापासून कौले उचलून पाहिल्याशिवाय आम्ही अंदाजपत्रक देत नाही. वळचण, आढे, चुलीवरचा भाग, दोन पाखी आतल्या कोनात मिळतात ती पन्हळ आणि वासा भिंतीत शिरतो ती टोके, एवढ्या जागा तरी उघडून पाहाव्याच लागतात; वरून धडधाकट दिसणारा वासा बहुतेक वेळा टोकाशीच कुजलेला असतो, कारण भिंतीतील ओल तिथे साठते आणि वाळवीही तिथूनच चढते. या पाहणीला अर्धा दिवस जातो आणि तिचे आम्ही वेगळे पैसे घेतो. काही जणांना ते पटत नाही, पण काम आम्हाला मिळाले तर ती रक्कम बिलातून वजा होते आणि दुसऱ्याला दिले तरी पाहणीचा कागद मालकाच्या हाती राहतो.

त्या कागदावर छपराचे क्षेत्रफळ, उताराचे माप, किती जुनी कौले पुन्हा वापरता येतील आणि किती नवी लागतील हे लिहिलेले असते. मंगलोरी कौले 100 चौरस फुटांना साधारण 140 ते 150 लागतात, त्यामुळे कोणी फारच कमी किंवा फारच जास्त संख्या सांगितली तर मालकाला स्वतःच पडताळून पाहता येते. लाकूड कोणत्या जातीचे, लोखंडी नळीची जाडी किती, पत्रा असेल तर त्याची जाडी आणि त्यावरील लेप कोणता, हेही आम्ही लिहून देतो. नुसते ‘चांगल्या प्रतीचा माल’ हे शब्द कोणत्याही अंदाजपत्रकात मालकाने मान्य करू नयेत, असे मी माझ्या नातेवाइकांनाही सांगतो. जे उघडल्याशिवाय दिसणारच नाही अशा लाकडासाठी दर फुटाचा भाव आधीच ठरवून ठेवतो आणि बदललेला प्रत्येक तुकडा मालकाने पाहीपर्यंत अंगणातून हलवत नाही.

आमचे निम्म्याहून अधिक मालक मुंबई, ठाणे, पुणे येथे राहतात. घर वर्षातून गणपतीत, शिमग्याला आणि मेमध्ये तेवढे उघडते. अशा घराच्या छपराचे हाल सर्वांत वाईट होतात. चूल पेटत नाही म्हणून लाकडाला धूर मिळत नाही, दारे-खिडक्या बंद असल्याने ओल सुटत नाही आणि जूनमध्ये सरकलेले एक कौल भाद्रपदात गणपतीची मूर्ती घरात येईपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. तोवर तीन महिन्यांचे पाणी त्याच वाशावर गळत राहिलेले असते. या भागात वर्षाला 3000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे एका कौलाच्या जागेतून केवढे पाणी आत येत असेल याची कल्पना येईल.

त्यात घर सामाईक असेल तर प्रश्न आणखी अवघड होतो. चार चुलतभावांचे घर, त्यांपैकी एकाला कौले ठेवायची असतात, दुसऱ्याला पत्रा हवा असतो, तिसरा म्हणतो की त्याच्या खोल्यांवरचे पाखे ठीक आहे आणि चौथ्याचा फोन लागत नाही. पूर्वी आम्ही जो पुढाकार घेईल त्याच्याशी बोलून काम सुरू करत असू. एकदा निम्मे छप्पर झाल्यावर दुसऱ्या भावाने येऊन काम थांबवले आणि ताडपत्रीखाली ते घर एक अख्खा पावसाळा उभे राहिले. आता सर्व हिस्सेदारांची लेखी संमती मिळाल्याखेरीज आम्ही एकही कौल उतरवत नाही, मग त्यासाठी हंगाम हातचा गेला तरी चालेल. दूर असलेल्या मालकांना रोज संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर छायाचित्रे पाठवतो, मात्र सांगाडा पूर्ण झाल्यावर आणि कौले चढवण्यापूर्वी घरच्या कोणीतरी एकदा स्वतः येऊन तो पाहावा, असा आमचा आग्रह असतो. कौले चढल्यावर आतले जोड झाकले जातात.

कौले की पत्रा, हा प्रश्न आम्हाला जवळजवळ रोज विचारला जातो. कौले सोडून पत्रा घालण्याचे आमच्या भागातील सर्वांत मोठे कारण माकडे आणि वानर हे आहे. आंब्यावरून छपरावर उडी पडली की चार-पाच कौले फुटतात आणि म्हाताऱ्या आईवडिलांना दर आठवड्याला गडी शोधणे शक्य नसते. त्यांना मी कौलांचा मोठेपणा सांगत बसत नाही. पण पत्र्याखाली एप्रिलमध्ये राहणे फार त्रासाचे असते, पावसाचा आवाज बोलणे ऐकू देत नाही आणि समुद्राजवळच्या गावांत खारी हवा कापलेल्या कडांना आणि साध्या स्क्रूंना लवकर खाते, हेही त्यांना सांगणे माझे कर्तव्य आहे. ज्यांना परवडते त्यांना आम्ही लोखंडी सांगाड्यावर खाली पत्रा आणि वर कौले सुचवतो. कौल फुटले तरी पाणी आत येत नाही आणि कौलांमुळे पत्रा थेट तापत नाही. पत्र्याचे काम कोणाकडूनही करून घ्या, पण कापताना पडलेला लोखंडाचा कीस त्याच दिवशी झाडून काढला जातो ना, आणि पत्र्याला भोक खोलगट भागात न पाडता उंचवट्यावर पाडले जाते ना, या दोन गोष्टी उभे राहून पाहा.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि आमच्या तालुक्यालाही त्याचा मोठा तडाखा बसला. टाळेबंदीचे दिवस होते, वीज आणि फोन दोन्ही बंद होते. दुसऱ्या दिवशी रस्त्यांवर पडलेली झाडे तोडत आम्ही अंजर्ले आणि केळशीच्या बाजूला गेलो तेव्हा ओळीने उघडी पडलेली घरे दिसली. त्या आठवड्यात मी छपरांविषयी जे शिकलो ते आधीच्या बारा वर्षांत शिकलो नव्हतो. वारा एका पाख्यावर आदळतो तेव्हा आडोशाच्या पाख्यावर आणि आढ्यालगत दाब कमी होऊन कौले वर ओढली जातात, आणि त्याच वेळी उघड्या पडवीतून किंवा फुटलेल्या खिडकीतून शिरलेला वारा छपराला खालून रेटतो. कौलारू घरांची कौले उडाली, तरी बहुतेक ठिकाणी सांगाडा जागेवर राहिला. पत्र्याची काही छपरे मात्र नळ्यांच्या सांगाड्यासह उचलली जाऊन शेजारच्या वाडीत पडली होती, कारण तो सांगाडा भिंतीवर नुसता टेकवलेला होता. त्यांपैकी दोन छपरे आम्ही बांधलेली होती. ती दोन्ही आम्ही मजुरी न घेता पुन्हा उभी करून दिली.

आता प्रत्येक वासा किंवा नळी लोखंडी पट्टीने भालाला जखडली जाते आणि भाल बोल्टने भिंतीच्या माथ्यावरील काँक्रीटच्या पट्ट्यात धरला जातो. मंगलोरी कौलाच्या खालच्या बाजूला तार ओवण्यासाठी छिद्र असते. पूर्वी त्याचा उपयोग आमच्याकडे फारसे कोणी करत नसे, आम्हीही करत नव्हतो. आता वळचणीच्या दोन ओळी, दोन्ही कडा आणि आढ्यालगतची ओळ आम्ही तांब्याच्या तारेने बांधतो. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेले, तेव्हा अशा रीतीने बांधलेल्या छपरांवरून सुटी कौले सरकली, बांधलेली एकही गेली नाही.

निसर्गनंतर बाहेरून पुष्कळ टोळ्या कामाला आल्या. सगळ्याच वाईट नव्हत्या, काहींनी रात्रंदिवस राबून लोकांची घरे झाकली. परंतु निम्मे पैसे आगाऊ घेऊन सांगाडा अर्धवट टाकून गेलेलेही होते, आणि पुढच्या पावसात गळती सुरू झाल्यावर ज्यांचा पत्ता लागला नाही असेही होते. त्या काळात आम्हीही हातात मावतील त्यापेक्षा जास्त कामे घेतली, कोणालाच नाही म्हणवेना, आणि सहा घरांना दिलेली तारीख आम्ही पाळू शकलो नाही. घरावर छप्पर नसलेल्या माणसाला खोटी तारीख देण्याइतके वाईट दुसरे काही नाही. आज आम्ही एका हंगामात 22 घरांपेक्षा जास्त घेत नाही आणि उरलेल्यांना डिसेंबरमध्येच दुसऱ्या कारागिरांची नावे देतो.

पैशांची पद्धतही त्यानंतर बदलली. काम ठरताना 30 टक्के, माल अंगणात उतरल्यावर त्याची बिले दाखवून 40 टक्के, काम संपल्यावर 20 टक्के, आणि उरलेले 10 टक्के पहिला सलग आठवडाभराचा पाऊस घराने झेलल्यानंतर. ही शेवटची अट आम्ही स्वतःहून घातली. ती घातल्यावर आमच्या गड्यांच्या हाताला जी काळजी आली ती माझ्या ओरडण्याने कधी आली नव्हती, कारण त्या रकमेतला वाटा त्यांनाही मिळतो. दोन पावसाळ्यांची जबाबदारी आम्ही लिहून देतो. माकडांनी फोडलेली कौले आणि पडलेली झाडे तेवढी त्यातून वगळलेली आहेत.

आमच्याकडे आज अकरा माणसे आहेत. 2014 साली आमचा एक गडी शेवाळलेल्या कौलावरून पाय घसरून पडला आणि त्याचे मनगट कायमचे अधू झाले. तो आजही आमच्याकडे मालाचा हिशेब पाहतो. त्या दिवसापासून आढ्याला दोर बांधल्याशिवाय कोणीही पाख्यावर चढत नाही, आणि सर्वांचा अपघात विमा आम्ही भरतो. कंत्राटदार निवडताना मालकाने गड्यांच्या विम्याविषयी जरूर विचारावे. या प्रश्नाने वाईट वाटून घेणाऱ्याला काम देऊ नये.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात आम्ही नवे काम घेत नाही. टेम्पोत शिडी, शंभरेक कौले, तार आणि ताडपत्री टाकून दोन गडी आदल्या वर्षीच्या घरांची फेरी करतात, आणि बंद घरांच्या किल्ल्या शेजाऱ्यांकडून घेऊन आत बॅटरीचा प्रकाश टाकून वासे पाहून येतात. यंदा या फेरीत ताडपत्रीखाली राहिलेले ते चार भावांचे घरही होते. गेल्या मार्गशीर्षात चौघांच्याही सह्या झाल्या, कौलेच ठेवायची असे ठरले आणि त्यांच्या आजोबांनी घातलेल्या आईनाच्या लाकडाच्या वाशांपैकी सात वासे आम्हाला पुन्हा वापरता आले.