जिम्मा : कॉफीसाठी सवड काढून जावं असं गाव

इथिओपियात जाणारे बहुतेक जण उत्तरेकडे वळतात. लालिबेला, गोंदर, अक्सुम. नैऋत्येला जिम्माकडे जातात ते पुढे बोंगाच्या जंगलात किंवा ओमो खोऱ्यात जायचं असतं म्हणून. रात्री पाठ टेकायची आणि पहाटे निघायचं. माझं सांगणं एवढंच की जिम्माला निदान तीन रात्री द्या. तिथे ‘बघण्यासारखं’ फार नाही, हे आधीच सांगते. पण कॉफीचा मुलूख कॉफीवर कसा जगतो, हे धावत्या गाडीतून दिसत नाही.

आम्ही नोव्हेंबरात गेलो होतो, तुम्हीही ऑक्टोबर ते डिसेंबरच गाठा. जून ते सप्टेंबर पाऊस झोडपतो, आणि तो सरला की कॉफीची तोडणी सुरू होते. शहराबाहेर पडलं की घराघरापुढे लाल फळं वाळत घातलेली दिसतात. काही ठिकाणी ती जमिनीवरच असतात. जिथे सहकारी संस्थांनी शिस्त लावली आहे तिथे कमरेइतक्या उंच जाळीच्या मांडवांवर असतात, आणि दोन्ही बाजूंनी बायका उभ्या राहून फुटके, हिरवे, किडके दाणे वेचत असतात. हात चालू, गप्पाही चालू. जिम्माच्या कॉफीला व्यापारात पूर्वी फारसा मान नव्हता. सालासकट वाळवलेला, सरसकट विकला जाणारा माल अशीच तिची ओळख होती. पश्चिमेला अगारोच्या बाजूला संस्थांनी फळं धुऊन, निवडून विकायला सुरुवात केली तेव्हा त्याच डोंगरातल्या दाण्याला चांगला भाव येऊ लागला. अगारोला सकाळी गाडी करून जाऊन संध्याकाळी परत येता येतं. त्याच भागातलं चोचे हे गाव कॉफीचं जन्मस्थान म्हणून दाखवतात. शेजारच्या काफाचे लोक हा मान आपलाच म्हणतात. वादात पडू नका, दोन्हीकडे कॉफी प्या.

शहराजवळच मेल्कोला कृषी संशोधन केंद्र आहे. १९७१ मध्ये इथिओपियात कॉफीच्या फळांवर रोग आला आणि बागाच्या बागा काळ्या पडल्या. तेव्हा संशोधकांनी जंगलात फिरून तग धरलेली झाडं शोधली. आज जगभरच्या महागड्या कॉफीच्या पाकिटांवर ७४११०, ७४११२ असे आकडे दिसतात, ती त्याच शोधातून निवडलेली वाणं. सुरुवातीचे ७४ म्हणजे १९७४ साल. केंद्र बघायचं असेल तर आधी परवानगी काढा, आयत्या वेळी फाटकावर जाऊन उपयोग नाही.

जिरेनच्या टेकडीवरचा राजवाडा मात्र सहज बघता येतो. शहरापासून सातेक किलोमीटर, रिक्षा थेट वर नेते. रिक्षा आपली बजाजच, आणि तिथे तिला म्हणतातही बजाजच. दुसरा अबा जिफार हा जिम्माचा राजा १८७८ ते १९३२ एवढा दीर्घकाळ गादीवर होता. इथिओपियाचा सम्राट मेनेलिक याच्याशी लढण्याऐवजी त्याने खंडणी कबूल केली आणि आजूबाजूची राज्यं बुडाली तरी आपलं राखलं. वाडा लाकडी आहे, व्हरांड्यातून खालचं अख्खं खोरं दिसतं. त्याच्या राज्यातल्या हिरमाताच्या बाजारात कॉफी आणि हस्तिदंताबरोबर माणसंही विकली जात, हे वाडा बघताना विसरू नये. राजाच्या वापरातल्या वस्तू शहरातल्या संग्रहालयात आहेत.

आणि कॉफी? हॉटेलात पिऊ नका. रस्त्याकडेला ताजं गवत पसरून, ठेंगणी स्टुलं मांडून बसलेली बाई शोधा. ती हिरवे दाणे धुते, कोळशावर तव्यात भाजते आणि तवा तुमच्या नाकाजवळ आणते. धूर हाताने आपल्याकडे ओढून घ्यायचा, ही रीत. मग उखळात कांडून, मातीच्या लांब मानेच्या जबेनात उकळून, बिनकानाच्या पेल्यांत वरून बारीक धारेने ओतते. पेल्यात कधी सतापाची काडी असते, खेड्यात कधी साखरेऐवजी मीठ. सताप मला आवडला, मिठाची सवय काही झाली नाही. त्याच पुडीवर तीनदा पाणी चढतं : अबोल, तोना, बराका. घरी बोलावलं असेल तर तिसऱ्याआधी उठू नका.

शाकाहाऱ्यांनी बुधवार-शुक्रवार साधावा. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचे हे उपासाचे वार, त्या दिवशी मांस, दूध, लोणी बंद. ‘त्सोम’चं जेवण मागितलं की इंजेरा नावाच्या आंबूस धिरड्यावर डाळी-भाज्यांचे ढीग येतात. शिरो म्हणजे मसालेदार पातळ पिठलंच. जिम्मात मुसलमान वस्ती मोठी आहे, त्यामुळे प्रत्येक खानावळीत हे मिळेलच असं नाही.

आता कामाचं. अदिस अबाबाहून जिम्मा साधारण ३५० किलोमीटर. रस्ता गिबेच्या खोल दरीत उतरून पुन्हा चढतो, बसने अख्खा दिवस जातो. जिम्मा ज्या राज्यात आहे त्या ओरोमियाच्या काही भागांत गेली काही वर्षं सशस्त्र संघर्ष चालू आहे, म्हणून रस्त्याने जायचं की विमानाने, हे अदिसमध्ये ताजी चौकशी करूनच ठरवा. इथिओपियन एअरलाइन्सने मुंबईहून गेलात तर देशांतर्गत तिकिटावरही सवलत मिळते का ते विचारा. वेळ विचारताना सांभाळा, त्यांचं घड्याळ सकाळी सहाला सुरू होतं. बसवाला ‘बारा’ म्हणाला तर पहाटे सहाला हजर राहा. जुलै २०२४ मध्ये बिर या तिथल्या चलनाचा भाव बाजारावर सोडला, तेव्हापासून जुने दर निरुपयोगी झालेत, म्हणून मी इथे एकही देत नाही. अदिस उंचावर असल्याने तिथे मलेरिया नाही, पण १,७०० मीटरच्या वर असूनही जिम्मात आहे. गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. पीतज्वराच्या लशीचा दाखला जवळ हवाच, नाहीतर परतताना भारतात विलगीकरणात ठेवतात. संध्याकाळी गारवा असतो, स्वेटर न्या.

गुरुवारच्या बाजारात मध आणि एकाच ओंडक्यातून कोरलेली तिपायी स्टुलं घ्या. चाट नावाचा पाला तिथे उघड विकतात आणि चघळतात. तो सामानात चुकूनही येऊ देऊ नका, आपल्याकडे तो अमली पदार्थांत मोडतो. कॉफी भाजलेलीच आणा, कच्च्या दाण्यांना विमानतळावर वनस्पतींचे नियम आडवे येतात.