तुम्ही विचारलंत म्हणून: फिजिओ असून कातडीवर संशोधन कशाला?

लग्नात, गणपतीत, एसटी स्टँडवर, कुठेही भेटा, प्रश्न एकच. फिजिओथेरपी शिकलीस ना, मग क्लिनिक काढायचं सोडून कॉलेजात बेडसोअरवर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमांवर, पीएचडी कसली करत बसलीस? मामी तर सरळच म्हणते, "गो बाय, लोकांका चलवूचा सोडून तू कातडेच्या मागे कित्याक लागलंस?" मी हसून विषय बदलते, कारण पुढ्यात जेवण वाढलेलं असतं आणि बेडसोअर हा काही जेवताना बोलायचा विषय नाही. तर एकदाच लिहून टाकते.

पैशाचं आधी. हो, क्लिनिकमध्ये जास्त मिळतात. गुडघे, कंबर, फ्रोझन शोल्डर, संध्याकाळी बाकडं भरलेलं. माझ्या बॅचच्या लोकांनी कुडाळ-कणकवलीत मस्त जम बसवलाय आणि मला हेवा वाटत नाही असं मी म्हणणार नाही, ईएमआयच्या तारखेला तर नक्की वाटतो. आणि मलाही तेच करायचं होतं. इंटर्नशिपमधली मी स्किनचं नाव काढलं की म्हणायची, ते सिस्टर बघतील, आपलं काम माणूस उभा करायचं. तिच्याशी माझं अजून भांडण चालतं, आणि दरवेळी मीच जिंकते असंही नाही.

एक जण होता. नाव-गाव सांगत नाही. आंब्याच्या सीझनला घळ (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन कलमावर चढला, फांदी मोडली, मणका गेला. आपल्याकडे दर एप्रिल-मेला असे असतातच. गोव्यात बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं, पाय मात्र परत आले नाहीत. मग एका शिबिरात व्हीलचेअर मिळाली. व्हीलचेअर म्हणजे काय, दोन पायपांमध्ये ताणलेलं रेक्झिन. ते काही महिन्यांत झोळीसारखं खाली लोंबतं, माणूस मागे कलंडून बसतो आणि वजन सगळं माकडहाडावर. बसायला गादी कोणी दिली नव्हती. पण गडी जिद्दी, घराच्या पडवीतच दुकान टाकलं, सकाळी खुर्चीत बसला की रात्री दुकान बंद करूनच उठायचा. सगळ्यांनी कौतुक केलं. खालून काही जाणवत नाही म्हणजे बुड अवघडलं म्हणून आपण नकळत सरकतो तेही नाही, हे त्या कौतुकात कोणाच्या डोक्यात आलं नाही.

बायको रोज रात्री आरसा आणि बॅटरी घेऊन पाठ, कुल्ले बघायची. डिस्चार्जच्या वेळी मिळालेल्या पत्रकात होतं, त्वचा लाल दिसली तर लगेच या. सोबत फोटो, गोऱ्यापान माणसाचा. ती लाल शोधत राहिली. पुढे ताप आला म्हणून एका हॉस्पिटलात नेलं तेव्हा बाहेरून रुपयाएवढी काळी खपली होती, ती काढली तर आत मूठ जाईल एवढी पोकळी आणि तळाला हाड. मी तेव्हा तिथे ज्युनिअर. राउंडला मोठ्या डॉक्टरांनी सासूसमोर, दिरासमोर तिला विचारलं, "लाल झालेलं दिसलं नाही? बघत नव्हतात का?" ती म्हणाली, "लाल कधी झालाच नाय. काळा दिसत होता, पण ते मुळातच काळे."

कोणी काही बोललं नाही. राउंड पुढच्या बेडवर गेला. इन्फेक्शन रक्तात पसरलं आणि तो त्याच पावसाळ्यात गेला. बाराव्याला सासू येईल-जाईल त्याला सांगत होती, हिने लक्ष दिलं नाही. ती बाई समोर बसून ऐकत होती आणि पानं वाढत होती.

त्या बाईने लक्ष दिलं होतं हो. सावळ्या-काळ्या कातडीवर लाली सहसा दिसत नाही, आजूबाजूपेक्षा थोडा गडद किंवा निळसर डाग दिसतो, तिथे हात लावला तर गरम लागतं, कडक नाहीतर पिचपिचीत लागतं. शिवाय खूपदा आतलं मांस आधी मरतं, हाडाजवळचं, कातडी सगळ्यात शेवटी फुटते. म्हणजे नुसतं बघून काय होणार? काळ्या कातडीवर हे वेगळं दिसतं असं अमेरिकन तज्ज्ञ मंडळाच्या 2016च्या बेडसोअरच्या व्याख्येत लिहिलेलंही आहे. पण व्याख्येतलं वॉर्डापर्यंत कधी यायचं?

म्हणून. आता म्हणाल त्यात फिजिओचं काय? माणूस कसा बसतो, किती वेळाने पुढे झुकतो, सीट किती रुंद, कुशन कसलं, हे फिजिओचं नाही तर कोणाचं? आणि या विषयात बाजार एवढा बोकाळलाय की सांगता सोय नाही. पाऱ्याच्या 32 मिलिमीटरच्या खाली दाब ठेवणारी गादी म्हणून विकतात. हा 32चा आकडा लँडिस नावाच्या माणसाने 1930 साली नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिनीत मोजला होता, त्याचा तुमच्या बुडाशी काय संबंध? लोक स्कूटरच्या ट्यूबवर बसवतात, तिच्या कडेनेच दाब वाढतो. खोबरेल घेऊन हाडावर खसाखसा चोळतात, त्याने आतलं आणखी दुखावतं. पंपाची एअर बेड चांगली, पण मे 2021 मध्ये तौक्ते वादळात आपल्याकडे लाइट गेली तेव्हा कित्येक ठिकाणी ती नुसतं प्लास्टिकचं बारदान होऊन पडली असणार. ज्यांनी ती बनवली त्यांच्याकडे लाइट जात नसावी.

आता खरं सांगायचं तर माझा स्वतःचा पेपर हाताच्या स्पर्शावर नाही, इन्फ्रारेड थर्मामीटरवर आहे. कारण रिव्ह्यूअरला आकडा लागतो. तो पेपर त्या बाईच्या काहीही उपयोगाचा नाही, तो छापून मला मात्र प्रमोशन मिळालं. इंटर्नशिपवाली मी इथे जोरात हसते. हात उलटा करून लावा, डावी-उजवी बाजू ताडून बघा, हे सांगायला पीएचडी लागते का? लागत नाही. पण पीएचडी नसती तर मला मीटिंगला बोलावलं नसतं आणि ते पत्रक बदललं नसतं, असं मी स्वतःला सांगते. खरं असेलही.

परवा आशाताईंच्या ट्रेनिंगमध्ये त्या दुकानवाल्याचंच उदाहरण देऊन हेच शिकवत होते. एकीने विचारलं, दोन्ही बाजू सारख्याच गरम लागल्या तर? मी म्हटलं, मग त्याला खुर्चीतून काढा, अर्धा तास पालथं झोपवा आणि परत हात लावा, गरमी उतरली नसेल तर पाठवा आमच्याकडे. ती म्हणाली, मॅडम, दिवसातून दोनदा असं करायचं तर त्याचं दुकान कोण बघणार? मी म्हटलं बायको बघेल. तर म्हणे, बायको तर त्याला पालथं करत असणार ना.