पाळी जाताना केलेल्या नाइट ड्युट्या

“सिस्टर, पाळी जायच्या काळात नाइट कशा काय केल्यात? सोडावंसं नाही वाटलं?” सोसायटीतल्या बायका विचारतात, वॉर्डात नव्याने लागलेल्या मुली विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून लिहिते. मला जमलं, कारण मी ते इनचार्ज सिस्टरांना सांगितलं आणि त्यांनी ड्युटी लिस्ट बदलली. उत्तर एवढंच आहे, पण ते सांगणं सोपं नव्हतं.

मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात आयसीयूत काम करते. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ च्या सुमाराला जाते. खरा त्रास त्याच्या आधीच्या काही वर्षांत होतो. इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी चालवणारं हार्मोन, कधी वर, कधी खाली. पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि आली की अंगावरून इतकं जातं की उभं राहवत नाही. रात्री नऊला ओव्हर घेतला, म्हणजे आधीच्या सिस्टरकडून पेशंट समजून घेतले, व्हेंटिलेटरवरचा पेशंट ताब्यात आला, की पॅड बदलायला जायचं म्हटलं तरी शेजारच्या सिस्टरला उभं करून जावं लागतं. माझं हिमोग्लोबिन पार उतरलं होतं. जिना चढताना धाप लागायची.

तशातच २०२० आलं. ९ मार्चला राज्यातले पहिले करोनाचे रुग्ण पुण्यातच सापडले, नायडू रुग्णालयात ठेवले. पुढे आमचेही बेड भरले. पीपीई किट चढवला की तासन् तास ना पाणी, ना बाथरूम. आणि आतून ती आग. इस्ट्रोजेन उतरलं की मेंदूतलं तापमान राखणारं केंद्र फार हळवं होतं. अंग जरासं तापलं तरी ते घामाचा हुकूम सोडतं. छातीतून निघून कानशिलांपर्यंत चढणारी ती लाट आली, की गॉगलवर वाफ धरायची आणि हातातल्या सुईपुढची शीर दिसायची नाही. पेशंटच्या जिवाशी खेळ नको, या एका विचाराने मी इनचार्ज सिस्टरांकडे गेले. ताप आल्यावर सांगतात तसं सांगितलं. पाळीचं आहे, सलग नाइट लावू नका, किटमधली वेळ कमी करा. त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. दोनच दिवसांत आणखी दोघी त्यांच्याकडे हेच सांगायला गेल्या. वॉर्डात आम्ही चाळिशीपुढच्या कितीतरी जणी होतो आणि तोवर एकमेकींशीही बोललो नव्हतो. मला अजून वाटतं, ड्युटी लिस्ट लावताना बाळंतपणाचा विचार होतो तसा याचाही व्हायला हवा.

औषधोपचार रीतसर घेतले. सोनोग्राफी, लोहाच्या गोळ्या, नंतर डॉक्टरांनी तपासून दिलेले हार्मोन. ते सगळ्यांना चालत नाहीत. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर सहसा देत नाहीत, म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून दुकानातून आणू नका.

माझं काम मात्र यातून बदललं, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. धडधड होते म्हणून पंचेचाळिशीची बाई येते, ईसीजी नॉर्मल निघतो, घरचे म्हणतात टेन्शन घेते. मी तिला पाळीचं विचारते, झोपेचं विचारते. केसपेपरवर शेवटच्या पाळीच्या तारखेपुढे या वयाच्या बायकांना नुसती रेघ मारतात. मी तारीख लिहिते. भोर-मुळशीकडच्या बायका पटकन सांगतात, “पिशवी काढली तेव्हाच सुटले.” पिशवी म्हणजे गर्भाशय, तिशीतच काढलेलं असतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा आम्हा सिस्टरांना त्याचं नवल वाटलं नाही. पिशवीबरोबर अंडाशयही गेले असतील तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम अंगावर येतात आणि हाडं लवकर झिजतात, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आणखी एक. पाळी बंद होऊन सलग बारा महिने झाले आणि मग पुन्हा थेंबभर जरी गेलं, तरी “परत आली वाटतं” म्हणून बसून राहू नका. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण कधी तो गर्भाशयाचा कर्करोग असतो आणि लवकर सापडला तर बरा होतो. पुण्यात असाल तर ससून रुग्णालयात किंवा महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयात जा, स्त्रीरोग विभागाचा केसपेपर काढा आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा.