ओकिते की इमाशिमे? आधी विचारा, नियम घातला कोणी

जपानी शिकताना 'नियम' आणि 'शिकवण' या दोन मराठी शब्दांच्या पोटात डझनभर जपानी शब्द येऊन बसतात. शब्दकोशातले अर्थ पाठ करून ते वेगळे होत नाहीत. त्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत: हा नियम कोणी कोणावर घातला? आणि तो मोडला तर काय होतं?

सगळ्यात कोरडा शब्द म्हणजे किसोकु. शाळा, कार्यालय, वसतिगृह यांचे लेखी नियम. कंपनीची नियमावली म्हणजे श्यूग्योओ किसोकु; जिथे दहा किंवा अधिक कामगार आहेत तिथे ती तयार करून सरकारी कार्यालयात दाखल करणं कायद्याने बंधनकारक आहे. तिला कोणी हौसेने 'ओकिते' म्हटलं तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर याकुझाची (जपानी गुंडांची) टोळी उभी राहते.

कारण ओकिते हा जमातीचा, गावाचा, टोळीचा नियम. बहुधा अलिखित, आणि मोडणाऱ्याला बाहेर काढणारा. आपल्या 'वाळीत टाकण्या'ला जपानीत मुराहाचिबु म्हणतात: गावाने दहापैकी आठ व्यवहार तोडायचे, आग आणि मयत या दोनच वेळी जायचं, अशी त्या शब्दाची रूढ फोड.

ओकितेचं उत्तम उदाहरण सामुराईंच्या काळातल्या आइझु संस्थानातलं. तिथल्या सामुराई घरांतली सहा ते नऊ वर्षांची मुलं दहाएक जणांच्या गटात जमत. गटाला म्हणत ज्यू, म्हणून नियमांचं नाव 'ज्यू नो ओकिते'. कलमं सात. वडीलधाऱ्यांचं ऐका, त्यांना वाकून नमस्कार करा, खोटं बोलू नका, भेकडपणा करू नका, दुबळ्यांना छळू नका, घराबाहेर खाऊ नका, घराबाहेर बायकांशी बोलू नका. (शेवटची दोन आज कोण पाळणार!) गटप्रमुख मुलगा एकेक कलम म्हणायचा, मग कोणी मोडलं का याची चौकशी. हलक्या चुकीला सगळ्यांसमोर माफी, त्याहून मोठीला हातावर फटका, आणि सर्वांत मोठीला गटाने बोलणं तोडायचं. ही शेवटची शिक्षा दिसली की हा किसोकु नव्हे, ओकितेच, हे कळतं. शेवटची ओळ प्रसिद्ध आहे: 'नारानु कोतो वा नारानु मोनो देसु'. जे करायचं नाही ते करायचं नाही. कारण विचारायला जागाच नाही.

काइरित्सु या शब्दात मात्र दोन वेगळे नियम एकत्र बांधले आहेत. काइ म्हणजे शील, स्वतःहून घेतलेलं व्रत. रित्सु म्हणजे विनय, भिक्षुसंघाचे नियम आणि ते मोडल्यावरची शिक्षा. पंचशील ज्यांच्या तोंडी आहे त्यांना गोकाइ लगेच ओळखू येईल: फुसेश्शोओ (हिंसा नको), फुच्यूतोओ (चोरी नको), फुजाइन (व्यभिचार नको), फुमोओगो (खोटं नको), फुओन्ज्यु (मद्य नको). वाचताना शेवटचा शब्द चुकतो. 'मद्यपान' या अर्थाची तीच कांजी (चिनीतून आलेली अक्षरचिन्हं) एरवी इन्श्यु वाचतात, इथे ओन्ज्यु. बौद्ध शब्दांत असे जुने उच्चार टिकून राहिले आहेत.

काइचंच चिन्ह चिनी वळणाच्या उच्चाराऐवजी मूळ जपानी शब्दाने वाचलं की 'इमाशिमे' होतं. जुन्या भाषेत याचा अर्थ दोरीने बांधणंही होतो, आणि तो भाव अजून गेलेला नाही: पुढे पाऊल टाकू नये म्हणून आवरणारा इशारा. जपानी लेखांत 'जिकाइ ओ कोमेते' सारखं भेटतं, म्हणजे 'हे मी स्वतःलाही बजावतोय'. दुसऱ्याची चूक दाखवताना हे शब्द जोडले की बोलण्यातला तोरा उतरतो.

इमाशिमेच्या शेजारी क्योओकुन, म्हणजे घडल्या गोष्टीतून घेतलेला धडा. जपानच्या इवाते प्रांतातल्या आनेयोशी वस्तीत १९३३च्या त्सुनामीनंतर बसवलेला एक दगड आहे. त्यावर 'इथून खाली घर बांधू नका' असं कोरलंय. २०११च्या त्सुनामीचं पाणी त्या दगडाच्या खालीच थांबलं. धडा क्योओकुन, दगडावरची ताकीद इमाशिमे.

ओशिए म्हणजे शिकवण, पण एक फसगत. 'ओशिएरु' हे क्रियापद फोन नंबर सांगायलाही चालतं, नाम मात्र फक्त गुरूच्या, धर्माच्या, वडिलांच्या शिकवणीला. 'फोन नंबरचं ओशिए' असं काही नसतं. आणि सेक्क्योओ म्हणजे प्रवचन. पण आपण 'प्रवचन झोडू नकोस' म्हणतो तसंच, रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ कंटाळवाणी कानउघाडणी.

दोओतोकु आणि रिन्री दोन्ही 'नीती'. शाळेतल्या मुलांचा विषय दोओतोकु (२०१८पासून प्राथमिक शाळांत तो 'विशेष विषय' झाला). डॉक्टर, संशोधक, कंपन्या यांच्या आचारनीतीला रिन्री. वैद्यकीय नीतीला दोओतोकु म्हटलं तर बालवर्गात बसवल्यासारखं वाटतं.

नोकरीच्या मुलाखतीत विचारतात तो शब्द वेगळाच: झायू नो मेइ, म्हणजे बसल्या जागी उजव्या हाताशी ठेवलेलं वचन. उत्तर एका म्हणीत द्यावं, उदाहरणार्थ 'केइझोकु वा चिकारा नारी' (सातत्य हीच ताकद), आणि लगेच त्याप्रमाणे केलेलं एखादं काम दोन वाक्यांत सांगावं.