सनचा तो दुहेरी आवाज इंदूरच्या हॉलमध्ये

इंदूरची पोरं जुन्या रॉक अँड रोलच्या धर्तीवर काही रेकॉर्ड करायला बसली, की आधी गाण्यावर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या खोलीत घुमल्याचा परिणाम, ओततात. मग गायक पलासियाच्या फ्लॅटमध्ये न गाता एखाद्या धर्मशाळेच्या जिन्यात गातोय असं वाटतं. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स या कंपनीच्या 1954-55 च्या तबकड्या कान देऊन ऐका. खोली जवळपास कोरडी आहे, म्हणजे घुमत नाही. जो भरीवपणा जाणवतो तो एकाच प्रतिध्वनीचा, आणि तोही सेकंदाच्या सातव्या-आठव्या हिश्शाने मागून येणारा.

सॅम फिलिप्सने 706, युनियन अव्हेन्यू इथे जानेवारी 1950 मध्ये ‘मेम्फिस रेकॉर्डिंग सर्व्हिस’ सुरू केली. सन हे त्याचंच लेबल आलं 1952 मध्ये. स्टुडिओची खोली साधारण 18 फूट बाय 33 फूट, आवाज शोषणाऱ्या टाइल्स लावलेली, छतही सपाट नाही. छत सपाट नसण्याला अर्थ आहे: समोरासमोरच्या दोन सपाट, कडक पृष्ठभागांमध्ये आवाज अडकून थरथरत राहतो. आपल्या हॉलमध्ये संगमरवरी फरशी आणि वर सिमेंटचा स्लॅब असतो. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा, मागून ‘टर्रर्र’ ऐकू आलं तर आधी त्याचा बंदोबस्त करा. फरशीवर सतरंज्या, एका भिंतीला गाद्या उभ्या करून, आणि कपड्यांचं कपाट असेल तर त्याची दारं सताड उघडी. अंड्यांचे ट्रे चिकटवायच्या भानगडीत पडू नका, त्यांनी खालचे सूर अजिबात शोषले जात नाहीत. पंखा बंद. मे महिन्यात हे जड जातं, म्हणून रात्री बसा.

आता तो प्रतिध्वनी. 1954 मध्ये फिलिप्सकडे दोन अँपेक्स 350 टेप मशीन आली. एकावर मूळ रेकॉर्डिंग व्हायचं आणि दुसरं प्रतिध्वनीसाठी राबायचं. अशा मशीनमध्ये टेप तीन हेडवरून, म्हणजे चुंबकी तुकड्यांवरून, घासून जाते: आधी पुसणाऱ्या, मग रेकॉर्ड करणाऱ्या, शेवटी वाजवणाऱ्या. रेकॉर्ड झालेला सूर वाजवणाऱ्या हेडपर्यंत पोचायला जो क्षण लागतो, तोच उशीर. हा उशिरा आलेला आवाज परत मिक्सरमध्ये घेतला की झाला स्लॅपबॅक. हिशोब सोपा आहे. दोन हेडमध्ये दोन इंच धरा आणि टेपचा वेग सेकंदाला 15 इंच, म्हणजे 2 भागिले 15, जवळपास 133 मिलिसेकंद. तोच वेग साडेसात केला तर 267, आणि मग ते भूत मागून वेगळंच बोलायला लागतं.

तबलजींना यातली गंमत लगेच कळेल. मिनिटाला 150 ठोक्यांची लय घ्या. एक ठोका 400 मिलिसेकंदांचा, त्याचा तिसरा भाग 133. म्हणजे तिश्र अंगाने, ठोक्याचे तीन भाग करून, झुलणाऱ्या चालीत प्रतिध्वनी नेमका आतल्या मात्रेवर पडतो आणि गाणं आपोआप पळायला लागतं. लय 130 वर आणली तर तिसरा भाग होतो 154 आणि प्रतिध्वनी मात्रेच्या किंचित आधी येऊन धक्के देतो. सनच्या त्या मशीनवर हेड हलवता येत नव्हतं. आपल्याला कॉम्प्युटरवर आकडा बदलता येतो, तर बदलावा.

डिले प्लगइनमध्ये, म्हणजे आवाज उशिरा परत देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वेळ 130 ते 140 मिलिसेकंद, फीडबॅक (प्रतिध्वनीचा पुन्हा प्रतिध्वनी) शून्य. इथेच बहुतेकांचं बिनसतं, कारण तयार प्रीसेटमध्ये फीडबॅक वीस-तीस टक्के ठेवलेला असतो आणि एकाऐवजी चार-पाच आवाज येतात. परतीच्या आवाजातून 150 हर्ट्झच्या खालचं आणि पाच हजारांच्या वरचं कापा. खालचं राहिलं तर बेसचा चिखल होतो आणि वरचं राहिलं तर प्रत्येक ‘स’ दोनदा टोचतो. पातळी मूळ आवाजापेक्षा आठ-दहा डेसिबल खाली ठेवा.

सगळे एकाच खोलीत वाजवतात तेव्हा गायकाच्या माइकमध्ये बेसची थापही शिरते आणि तिलाही प्रतिध्वनी लागतो. हे बिघडलंय असं समजून गायकाला बाथरूममध्ये पाठवू नका. 5 जुलै 1954 च्या सत्रात एल्विस प्रेस्ली, गिटारवर स्कॉटी मूर आणि बेसवर बिल ब्लॅक असे तिघंच होते. ड्रम नव्हते. ब्लॅक डबल बेसच्या तारा ओढून पट्टीवर आपटायचा आणि त्या खटक्यावर ताल चालायचा. त्या खटक्याचा प्रतिध्वनी आला की एका बेसमधून दोन वादक वाजवल्यासारखा ताल मिळतो. इंदुरात डबल बेस कोण आणणार? बेस गिटारच्या तारा ब्रिजजवळ तळव्याने दाबून वाजवा आणि अँपबरोबर एक माइक सरळ तारांसमोर ठेवा, खटका त्यातच सापडतो.

ड्रम नसण्यावरचा दुसरा तोडगा सनचाच गायक जॉनी कॅश याचा: गिटारच्या तारांमध्ये कागद सरकवायचा, मग स्ट्रोक स्नेअर ड्रमसारखा खरखरतो. जाड पुठ्ठा सूर मारतो, चकचकीत कागद भुणभुणतो, वहीचं साधं पान घडी घालून बरं लागतं.

मिक्सिंग जागेवरच व्हायचं, मोनोमध्ये, नंतर काही हलवता येत नव्हतं. म्हणून गिटार जड झाली तर मिक्सरचं बटण फिरवण्याआधी अँप दोन फूट मागे सरकवा. बटणाने गिटार खाली जाते, पण ती गायकाच्या माइकमध्ये शिरतेच. अँप मागे सरकवला की दोन्हीकडून कमी होते.

फिलिप्सनेच रेकॉर्ड केलेल्या 1951 च्या ‘रॉकेट 88’ या गाण्यातल्या घरघरत्या गिटारची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे: अँप वाटेत खराब झाला, स्पीकरचा कोन फाटला, आत कागद कोंबून तसाच वाजवला. माझ्या मते या गोष्टीचं कौतुक जरा जास्तच होतं. फिलिप्सने तो आवाज दुरुस्त न करता पुढे आणला, हा त्याचा निर्णय खरा मोठा. तसं काही हवं असेल तर इंदूरच्या जेल रोडच्या बाजारातून जुना छोटा स्पीकर आणा. चांगला फाडू नका.

टेप महाग. 1200 फुटांचं रीळ 15 इंच वेगाने 16 मिनिटांत संपतं, त्यामुळे फसलेले टेक पुसून त्यावरच पुढचे घेतले जायचे. नोव्हेंबर 1955 मध्ये आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीने सनकडून एल्विसचा करार 35,000 डॉलरला घेतला आणि जानेवारी 1956 मध्ये नॅशव्हिलला पहिलं सत्र केलं. प्रतिध्वनीसाठी त्यांनी इमारतीचा बोळ वापरला. ‘हार्टब्रेक हॉटेल’ मध्ये तो लांब, ओला आवाज ऐकू येतो. गाणं जबरदस्त गाजलं, पण आवाज सनचा नाही, कारण बोळातून परत येणारा आवाज पसरून येतो आणि टेपवरचा एकदाच, काठ शाबूत ठेवून येतो. सनची एक तबकडी आणि ही, दोन्ही लागोपाठ फोनच्या एकाच स्पीकरवर, मोनोत ऐका आणि मग आपल्या प्लगइनचं बटण कुठे आहे ते बघा.